हुंडी फुटली, आता हात आवरा

ताई, नमस्कार. मी नागपूरला राहते, शाळेत शिकवते. चार वर्षांपूर्वी मैत्रिणींनी वाढदिवसाला पीस लिली दिली होती. हॉलच्या कोपऱ्यात सहा इंची प्लास्टिकच्या कुंडीत ती छान होती, वर्षातून दोनदा फुलायची. यंदा मुळं खालच्या भोकातून बाहेर आली, म्हणून अक्षय्य तृतीयेला मुहूर्त साधून कुंडी बदलली. मिस्टरांनी चौदा इंची सुंदर सिरॅमिकची कुंडी आणली. यूट्यूबवर पाहून मुळं नळाखाली स्वच्छ धुतली आणि गुंतलेली कापली. तळाला दोन इंच खडी, वर लाल माती आणि गोठ्यातून आणलेलं शेणखत घातलं. ऊन मिळावं म्हणून पश्चिमेच्या बाल्कनीत ठेवली. दुसऱ्याच दिवशी पानं लोळली. तेव्हापासून सकाळ-संध्याकाळ पाणी घालते आहे. पाचव्या दिवशी १९:१९:१९ खत दिलं. आठव्या दिवशी मुळं पाहायला एकदा उपटूनही बघितली. आज बारावा दिवस. सात पानं पिवळी पडली, बाकीची आडवी. सासूबाई म्हणतात नजर लागली, ताक घाल. मिस्टर म्हणतात फेकून दे, दुसरी आणू. ती मरते आहे का? परत जुन्या कुंडीत लावू का?
— एक वाचक, नागपूर

तुमचं पत्र वाचताना मला माझा कढीपत्ता आठवला. वीसेक वर्षांपूर्वी पिशवीतून कुंडीत लावला होता. रुजला की नाही हे बघायला दर चार दिवसांनी मी त्याला थोडा वर उचलायची. महिन्याभरात त्याची काठी झाली. तेव्हा शेजारच्या नर्सरीतले काका एवढंच म्हणाले होते, ‘बाई, झाड रुजत होतं, तुम्ही रुजू देत नव्हता.’ म्हणजे तुम्हाला सांगण्याचा अधिकार मला अनुभवाने मिळालेला आहे, शहाणपणाने नाही.

आधी तुमच्या पहिल्या प्रश्नाचं उत्तर. बहुधा मरत नाहीये. पीस लिली दिसायला नाजूक पण आतून चिवट. ती अळू-सुरणाच्या भावकीतली आहे. या घराण्यातल्या झाडांचा जीव पानांत नसतो, मातीलगतच्या जाड गड्ड्यात असतो. तो गड्डा बोटांनी दाबून बघा. घट्ट लागला तर सगळी पानं गेली तरी झाड परत येऊ शकतं. पिकलेल्या केळ्यासारखा लिबलिबीत लागला, तर मात्र मिस्टरांचं ऐका.

कुंडी बदलायचा तुमचा निर्णय बरोबर होता, हेही सांगून ठेवते. मुळं भोकातून डोकावायला लागली म्हणजे जागा संपलेली असते. चुकलं ते पुढचं, आणि त्यातलं बरंचसं अति काळजीने चुकलं.

नर्सरीवाले एक शब्द वापरतात, हुंडी. मुळांभोवती घट्ट धरून बसलेला मातीचा गोळा म्हणजे हुंडी. रोप हलवताना ‘हुंडी फुटू देऊ नका’ असं ते दहादा बजावतात. त्यामागचं कारण साध्या डोळ्यांना दिसत नाही. जाड, पांढरी मुळं आपल्याला दिसतात, पण पाणी ओढायचं बहुतेक काम त्यांच्या टोकांजवळच्या केसांसारख्या तंतूंचं असतं. एकेक तंतू म्हणजे एकाच पेशीचा धागा, मातीच्या कणांना चिकटलेला. माती ओढून काढली की ते तुटतात, आणि नळाखाली धुतल्यावर तर जवळजवळ सगळेच जातात. पानं मात्र तेवढीच राहतात. झाड जेवढं पाणी ओढतं, त्यातलं ९५ टक्क्यांहून जास्त पानांतून वाफ होऊन उडून जातं. खर्च तोच आणि कमावणारे हात तुटलेले, अशी तुमच्या झाडाची दुसऱ्या दिवशीची अवस्था. म्हणून पानं लोळली. कुंडीत पाणी भरपूर होतं, ते ओढणारं कोणी नव्हतं.

इथेच सगळे फसतात. पान लोळलं की आपला हात तांब्याकडे जातो, आणि पीस लिलीने तर आपल्याला तशी सवयच लावलेली असते. एरवी ती तहानली की नाटकी पद्धतीने आडवी होते आणि पाणी घातलं की दोन-तीन तासांत उभी राहते. चार वर्षं तुम्ही हेच पाहिलं असणार. या वेळी मात्र पाणी घातलं आणि ती उभी राहिली नाही. तीच खूण होती. भिजलेल्या मातीत झाड लोळलेलं असेल तर आणखी पाणी हे औषध नसतं. मुळांनाही हवा लागते. मातीतल्या पोकळ्या सतत पाण्याने भरलेल्या राहिल्या की मुळं गुदमरतात, आणि गुदमरलेल्या मुळांवर बुरशी बसायला वेळ लागत नाही.

त्यात ती कुंडी. सहाची चौदा इंच म्हणजे दुपटीहून थोडी मोठी, असं वाटतं. पण खोलीही त्याच प्रमाणात वाढली असेल तर माती बारापटीहून जास्त झाली. मूठभर मुळं आणि बादलीभर चिखल! त्या चिखलातलं पाणी पिणारं कोणी नाही, सिरॅमिकच्या भिंतींतून ते उडतही नाही. मातीच्या कुंडीने निदान अंगातून थोडं पाणी सोडलं असतं. कुंडी बदलताना व्यास एक-दोन इंचांनीच वाढवायचा असतो. आणि तळाची खडी… आपल्याकडे पिढ्यान्‌पिढ्या हे सांगितलं जातं, मीही अनेक वर्षं सांगत होते. पण बारीक मातीतलं पाणी खालच्या जाड खडीत सहजासहजी उतरत नाही. वरची माती पूर्ण तुडुंब झाल्यावरच ते खाली सुटतं. म्हणजे चिखलाचा थर जातो कुठेच नाही, उलट दोन इंच वर, मुळांच्या आणखी जवळ येतो. भोकावर माती अडवायला एक खापरी पुरते. आणि हो, त्या कुंडीला भोक आहे ना? खाली हात घालून बघा. शोभेच्या कुंड्यांना कधी भोकच नसतं, कधी असतं पण रबरी बूच लावलेलं असतं. हे विचारायला मी कधी लाजत नाही, कारण चारातल्या एका पत्राचं उत्तर तिथेच सापडतं.

खताचं म्हणाल, तर हे दिवस लोणच्याचे आहेत, त्यामुळे समजावणं सोपं. कैरीच्या फोडींना मीठ चोळून ठेवलं की काय होतं? पाणी सुटतं. जखमी मुळांभोवती खताचे क्षार वाढले की तेच होतं. मुळांनी पाणी घ्यायचं, तर तेच बाहेर ओढलं जातं. १९:१९:१९ हे खत वाईट नाही, धडधाकट झाडाला पातळ करून द्यावं. गोठ्यातून थेट आणलेलं शेण तर अजून कुजत असतं, कुजताना तापतं आणि त्यातून अमोनिया सुटतो. शेणखत म्हणजे ज्याला शेणाचा वास येत नाही ते. हातात घेतलं तर पावसानंतरच्या मातीसारखा वास यावा आणि भुगा व्हावा. ताकही नको. तांदळाचं धुवण, कांद्याच्या सालींचं पाणी, चहाचा चोथा, एप्सम सॉल्ट यांतलं काहीही आत्ता नको. आजाऱ्याला ताटभर पुरणपोळी वाढल्यासारखं आहे ते. झाडाला त्याचा उपयोग नाही, चिलटं मात्र नक्की होतील.

आता तुमचा दुसरा प्रश्न. परत कुंडी बदलू का? एरवी मी याला ठाम नाही म्हणते. एका धक्क्यातून सावरणाऱ्या झाडाला दुसरा देऊ नये. पण तुमच्याकडे चौदा इंचांचा चिखल आणि ताजं शेण आहे. त्यात ठेवून वाट बघितली तर जी मुळं उरली आहेत तीही जातील. तेव्हा एकदाच, शेवटचं, बाहेर काढा. संध्याकाळी ऊन उतरल्यावर. जुनी सहा इंची कुंडी ठेवली असेल तर तीच घ्या. मुळं कापल्यामुळे आता ती पुरेल. नसेल तर मुळांभोवती दोन-दोन बोटं जागा राहील एवढीच कुंडी.

माती आधी तयार ठेवा, झाड उघड्यावर पडून राहायला नको. भिजवून पिळलेलं कोकोपीट (नारळाच्या सोडणाचा भुसा) दोन भाग, साधी बागेची माती एक भाग, जाड वाळू किंवा पर्लाइट एक भाग, वर मूठभर जुनं गांडूळखत. मूठ आवळली की गोळा व्हावा आणि बोटाने टोकरला की फुटावा. नागपूरकडची काळी माती असेल तर ती इतकीही घालू नका, ती पाणी धरून बसते आणि वाळली की दगड होते.

झाड काढताना मुळांना चिकटलेलं शेण हलक्या हाताने झटका. धुऊ मात्र नका, एकदा धुतलंत ते पुरे. मुळं तपासा. पांढरी किंवा बदामी, घट्ट असतील ती जिवंत. तपकिरी, मऊ, बोटात धरून ओढल्यावर वरचं साल निसटून आत दोरा उरतो ती गेली. गेलेली तेवढी स्पिरिटने पुसलेल्या कात्रीने कापा. निरोगी मूळ कितीही लांब असो, त्याला कात्री लावू नका. गड्डा पहिल्याइतकाच वर राहील असं लावा, खोल गाडू नका. माती दाबताना अंगठ्यांनी चेपू नका. कुंडी दोनदा जमिनीवर हलके आपटली की माती आपोआप बसते. मग एकदाच, खालून वाहेपर्यंत पाणी. अर्ध्या तासाने बशीतलं ओतून टाका.

या कामात एक विमाही काढून ठेवा. चार वर्षांच्या झाडाला बाजूने फुटवे असणारच. दोन-तीन मुळांसह सहज सुटणारा एखादा फुटवा मिळाला तर तो वेगळा करून चहाच्या कपाएवढ्या कुंडीत लावा. ओढाताण करावी लागत असेल तर राहू द्या. मोठं झाड दगावलं तरी वाण घरात राहील.

कापाकापीनंतर हात धुवा. अळू चिरताना हात खाजतात त्याला कारण असलेले सुईसारखे स्फटिक हिच्यातही असतात. घरात रांगतं मूल किंवा मांजर असेल तर कापलेली पानं जमिनीवर सोडू नका.

कुठली पानं कापायची? पूर्ण पिवळी झालेली. हिरवी असून लोळलेली पानं राहू द्या. ती केविलवाणी दिसतात हे खरं, पण नव्या मुळांना लागणारं अन्न तीच बनवतात. पूर्वी माळी मुळं तुटली की पानंही निम्मी छाटायचे, हिशेब जुळवायला. मी तसं सरसकट करत नाही. अर्ध्याहून जास्त मुळं गेलेली दिसली तरच तळाची सगळ्यांत जुनी तीन-चार पानं काढते. फुलं किंवा कळ्या असतील तर त्या मात्र बिनदिक्कत कापा. आजारपणात घरी पाहुणे नकोत.

आणि जागा. झाड पुन्हा हॉलमध्ये. सासूबाई म्हणतात ती नजर-बिजर सोडा, पण नागपूरच्या पश्चिमेच्या बाल्कनीतलं दुपारचं ऊन हीच काय ती नजर. ही झाडं मुळात उष्ण प्रदेशातल्या दाट जंगलांत, मोठ्या वृक्षांच्या सावलीत वाढणारी. त्यांना उजेड हवा, ऊन नको. पूर्वेच्या किंवा उत्तरेच्या खिडकीपासून तीन-चार फुटांवर ठेवा. वर्तमानपत्र आरामात वाचता येईल एवढा उजेड पुरे.

तुमच्याकडे कूलर असणारच. कूलरच्या खोलीतली दमट हवा या झाडाला मानवते. एसीपेक्षा कितीतरी बरी. फक्त वाऱ्याच्या थेट झोतात ठेवू नका, झोत पानांतलं पाणी खेचून नेतो. बाटलीने पानांवर फवारे मारायचा सपाटा अनेकजण लावतात. नागपूरच्या मे महिन्यात ते पाणी पाच मिनिटांत उडून जातं, मनाचं समाधान सोडून काही मिळत नाही. त्यापेक्षा साडीचं पारदर्शक प्लास्टिकचं कव्हर घ्या. कुंडीत तीन काड्या खोचून त्यावर तंबूसारखं घाला, प्लास्टिक पानांना टेकू नये. आत वाफ अडून राहते, पानांचा खर्च कमी होतो, मुळांना उसंत मिळते. रोज सकाळी अर्धा तास काढून हवा लागू द्या. पंधरा दिवसांनी ते थोडं थोडं करून पूर्ण काढा, एकदम नाही. तंबू लावलेलं झाड उन्हात गेलं तर तासाभरात शिजेल, एवढं लक्षात ठेवा.

पाण्याला वेळापत्रक नको. तर्जनी पहिल्या पेरापर्यंत मातीत खुपसा. ओलं लागलं तर तांब्या खाली ठेवा. कोरडं लागलं तर खालून निथळेपर्यंत घाला. दुसरी युक्ती कुंडी उचलून बघायची. पाणी घातल्यावर एकदा उचलून वजन हाताला ओळखीचं करून घ्या. चार दिवसांनी ती हलकी लागली की घालायचं. तंबूत असेपर्यंत माती नेहमीपेक्षा बरीच उशिरा वाळेल, तेव्हा घाबरून घालू नका.

तुम्हाला रोज काहीतरी तपासल्याशिवाय चैन पडणार नाही, हे आठव्या दिवसाच्या उपटण्यावरून कळलंच. म्हणून एक तपासणी देते, हात न लावता करायची. पहाटे उठल्यावर पानं बघा, दुपारी तीनला नाही. दुपारी लोळलेली पानं पहाटे थोडी वर आलेली असतील तर रात्रभरात मुळांनी तूट भरून काढली, म्हणजे गाडी रुळावर आहे. पहाटेही तशीच चिंधीसारखी पडलेली असतील, आणि हे आठवडाभर चाललं, तर मूळ धरत नाहीये. तेव्हा मात्र गड्डा पुन्हा दाबून बघायचा.

पहिला आठवडा-दहा दिवस आणखी दोन-चार पानं पिवळी होतील. त्याने खचू नका. भंडारा-गोंदियाकडे धानाची रोवणी बघितली असेल. पऱ्हे, म्हणजे भाताची रोपं, उपटून बांधीत रोवले की काही दिवस सगळं शेत पिवळट, मरगळलेलं दिसतं. त्या दिवसांत कोणी शेतकरी रोपं उपटून मुळं बघत नाही. धान जीव धरतं आणि मग एके दिवशी बांधी हिरवी झालेली असते. तुमच्या झाडाचं ‘जीव धरणं’ दिसेल ते मधोमध. देठांच्या बेचक्यातून पेन्सिलीच्या टोकासारखी हिरवी सुरळी वर येईल. साधारण तीन ते सहा आठवड्यांत. ती आली की जिंकलात. जुनी लोळलेली पानं कदाचित कधीच ताठ होणार नाहीत, तपकिरी झालेली टोकं पुन्हा हिरवी होणार नाहीत. त्यांच्याकडे बघून झाडाची तब्येत ठरवू नका, सुरळीकडे बघा.

मध्ये नवतपा, म्हणजे कडक उन्हाचा काळ, येईल. ते नऊ दिवस फक्त सावली आणि बोटाने माती तपासणं, बाकी काही नाही. मृगाचा पाऊस पडून हवा ओलावली की फरक तुम्हालाच जाणवेल. खत दोन नवी पानं पूर्ण उघडल्यावर, म्हणजे बहुधा आषाढात, तेही पाकिटावर लिहिलंय त्याच्या चौथाईने. आणि पुढच्या वेळी मुहूर्त काढायचाच असेल तर पावसाळ्यातला काढा. जुलै-ऑगस्टमध्ये, ढगाळ दिवशी, संध्याकाळी. अक्षय्य तृतीयेला सोनं घ्यावं.

राहता राहिली मिस्टरांची सिरॅमिकची कुंडी. ती फुकट गेली असं वाटून त्यांचा चेहरा पडला असेल, तर छोटी कुंडी तिच्या आत पालथ्या वाटीवर ठेवा, बाहेरून सुंदर दिसेल. फक्त तळात साठलेलं पाणी आठवणीने ओतायचं. किंवा भोक असेल तर पाऊस सुरू झाल्यावर बाल्कनीतच तिच्यात गवती चहाचं एक ठोंब लावा. त्या पश्चिमेच्या उन्हाला तो पुरून उरतो, आणि चौदा इंचही त्याला दोन वर्षांत अपुरे पडतात.